लेकराच्या नावाचा एक वाफा

"मॅडम, पोट्ट्याले शिकायले धाडतो मी शाळेत. माती त आमच्या घरी लय हाय."

पालकसभेत एक बाप उभा राहून हे बोलला, तेव्हा मागे बसलेल्या चार-सहा जणांनी माना हलवल्या. शाळेच्या वेळेत, आठवड्यातून दोन तास, प्रत्येक लेकरू स्वतःच्या वाफ्यात राबेल असं मी नुकतंच सांगितलं होतं. बोलणारा माणूस साडेतीन एकर कोरडवाहूचा धनी. सकाळी डवरणी आटोपून, अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आलेला. नखांतली काळी माती मात्र निघाली नव्हती. त्याला माझ्याकडून काय हवंय हे साफ होतं. या मातीतून माझं लेकरू बाहेर काढा, एवढंच त्याचं मागणं.

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझा बापही त्याच्यासारखाच बोलायचा, म्हणून त्याचं बोलणं मला टाळता येत नाही. दोन-तीन पावसाळे मुलांसोबत वाफ्यांत काढल्यावर आता उत्तर सापडलंय. माती तुमच्या घरी आहे हे खरं. पण ती लेकराची नाही.

मुलांना बाग हवी, मुलांनी घराबाहेर पडावं, मातीत हात घालावेत, हा विषय निघाला की आपल्याकडे तो शहराचा समजला जातो. बाल्कनीतल्या कुंड्या, सुट्टीतलं शिबिर, मोबाइलपासून सुटका. खेड्यातल्या पोराला त्याची काय गरज, ते तर रानातच वाढतं, असं आपण धरून चालतो. मी आठ-दहा वर्षांच्या मुलांचा दिवस रोज जवळून पाहते आणि मला तसं दिसत नाही. ज्यांना परवडतं त्यांची लेकरं सकाळी सातलाच व्हॅनमध्ये बसून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात आणि दिवेलागणीला परततात. माझ्या शाळेतली मुलं गावातच असतात, पण शाळा सुटली की ओट्यावर एका मोबाइलभोवती पाच डोकी दिसतात. वावर गावापासून दोन किलोमीटरवर. तिथे लेकरू नेण्यासारखी स्थितीही नसते. जुलै ते ऑक्टोबर फवारणीचे दिवस. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, ते इकडचा कुठलाही बाप विसरलेला नाही. शहाणं घर लेकराला पराटीत, म्हणजे उभ्या कापसात, जाऊ देत नाही, आणि ते बरोबरच करतं.

मग दिवाळी होते, कापूस फुटतो, आणि तेच वावर वेगळ्या अंगाने लेकराच्या वाट्याला येतं. वेचणीला हात कमी पडतात. मोठी मुलगी घरी राहते, धाकट्यांना सांभाळते किंवा ओटी बांधून आईसोबत जाते. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला २०१६च्या दुरुस्तीपासून कायद्याने बंदी आहे. शाळेच्या वेळेबाहेर आणि सुट्टीत घरच्यांना मदत करायची मुभा तेवढी ठेवली आहे. ती मुभा कुठे संपते आणि मजुरी कुठे सुरू होते, हे हजेरीपटावर नोव्हेंबरात दिसतं. म्हणजे आमच्या लेकराला माती दोन रूपांत भेटते. एक, जिथे जायचं नाही. दुसरं, जिथे जावंच लागतं.

तिसरं रूप घरातलं आहे, आणि मला सगळ्यात जास्त त्याचीच काळजी वाटते. मातीची गोष्ट घरात निघते ती भावाची, बोंडअळीची, बँकेची, सोसायटीची. पाऊस ओढ देतो, पेरलेलं जळतं, दुबार पेरणीला पैसा कुठून आणायचा यावर रात्री दबक्या आवाजात बोलणं होतं. लेकरू गोधडीत जागं असतं. विदर्भात या बोलण्याचा शेवट कुठवर जाऊ शकतो हे आमच्या मुलांना ऐकून ठाऊक असतं, काहींना त्याहून जवळून. अशा घरात "बी उगवलं नाही" हे वाक्य संकटाचं असतं. ते न उगवलेलं बी उकरून पाहावं, त्याचं काय झालं ते समजून घ्यावं, याला घरी फुरसत नसते आणि मनही नसतं.

म्हणून मी म्हणते की शहरातल्या लेकरापेक्षा आमच्या लेकराला बागेची गरज जास्त आहे. दोन हात लांब, दोन हात रुंद अशी एक जागा, जिथे पेरलेलं वाया गेलं तर कुणाचं काही बुडत नाही. जिथे चुकायची परवानगी आहे.

तिसरीतल्या एका मुलाच्या वाफ्यात भेंडी उगवली नाही. शेजारच्यांची रोपं बोटभर झाली, याची माती तशीच काळी. मी त्याला उकरायला सांगितलं. बी चांगलं दोन पेरं खोल गेलं होतं, वर तीन दिवसांची झड लागली आणि चिकण मातीत ते गुदमरलं. बाहेर काढलं तेव्हा फुगून मऊ झालेलं, दाबलं की आतून पांढुरकं पाणी निघायचं. त्याने ते तळहातावर घेतलं, वास घेतला, सगळ्या वर्गाला फिरून दाखवलं आणि वहीत एकच शब्द लिहिला, ‘कुजलं’. मग अर्ध्या पेरावर नवीन बी लावलं. त्याच आठवड्यात त्याच्या घरी सोयाबीनची दुबार पेरणी चालली होती. "घरी कोणी बोलत नाई," हे त्यानेच मला सांगितलं. घरात ज्या गोष्टीने सगळे गप्प झाले होते, तीच गोष्ट तो शाळेत हातावर घेऊन बोलत होता. हा फरक मला फार मोठा वाटतो.

आता वाफ्यांत आम्ही काय करतो ते सांगते, कारण ‘मुलांना बागकाम शिकवा’ एवढं म्हणून काहीच होत नाही.

सुरुवात वाफशापासून. वाफसा म्हणजे माती ना फार ओली ना फार कोरडी, कामाजोगी असणं. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पोराचा हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाने फुगते आणि पायाला चिकटून चालणं अवघड करते. ओली असताना तिला हात लावला तर तिची ढेकळं होतात, ती आठवडाभर माफ करत नाही. मग काम कधी करायचं? मुठीत माती घ्या, दाबून लाडू करा, कमरेइतक्या उंचीवरून सोडा. लाडू थपकन चपटा झाला तर थांबा. पडून फुटला तर वाफसा आला. मुलं रोज परिपाठाआधी हा लाडू सोडून पाहतात आणि फळ्याच्या कोपऱ्यात ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहितात. घरी आजोबा टाचेने माती दाबून जे ओळखतात, ते आता नातवाला मुठीने कळतं. एका मुलीने घरी जाऊन सांगितलं की आज डवरा नका घालू, लाडू फुटत नाही. तिच्या आजोबांनी ते मला मुद्दाम येऊन सांगितलं.

पहिलीच्या मुलांना मेथी देते. काडीने मातीत आपल्या नावाचं पहिलं अक्षर कोरायचं, त्या रेघेत मेथी दाट टाकायची, वरून माती भुरभुरायची. चार-पाच दिवसांत अक्षर हिरवं होऊन वर येतं. एका पोराला ‘क’ उलटा काढायची सवय होती. त्याचा ‘क’ उलटाच उगवला. मी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तोच मला हाताला धरून घेऊन गेला आणि म्हणाला, "मॅडम, याचं पोट तिकडे गेलं." वहीत लाल शाईने मी ते वीसदा दाखवलं होतं. पुढच्या वेळी त्याने काडीने आधी तीनदा कोरून पाहिलं, मगच मेथी टाकली.

पहिल्या वर्षी आमच्या शाळेला कुंपण नव्हतं. एका दुपारी बकऱ्या आत शिरल्या आणि ‘स’पासून ‘ग’पर्यंत सगळं साफ करून गेल्या. सगळ्यात लहान मुलगी रडत आली, "माह्यं अक्षर बकरीनं खाल्लं." तिचं रडू थांबायच्या आत मोठ्या मुलांनी ठरवलं की घरून तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या, आणून कुंपणाला ताटवे बांधायचे. एका ताटव्याला किती तुराट्या लागतील, चारही बाजू मिळून किती ताटवे, सुतळी किती, यावर चौथीची दुपार गेली. परिमितीचा धडा मी त्या वर्षी फळ्यावर शिकवलाच नाही. ताटवे अजून उभे आहेत, दर वर्षी तुरीची कापणी झाली की नवे बांधले जातात.

पण मला सगळ्यात जास्त जे आठवतं ते दोडक्याचं फूल. ताटव्यावर चढवायला दोडका लावला होता. ऑगस्टच्या शेवटी फुलं लागली, आणि रोज साडेदहाला शाळा भरते तेव्हा प्रत्येक फूल लोंबलेलं, चुरगळलेलं. मुलांनी ठरवून टाकलं की वेलाला रोग लागला. कुणी पाणी कमी पडलं म्हणालं, कुणी जास्त झालं म्हणालं. मला माहीत होतं, पण मी सांगितलं नाही. चारेक दिवसांनी शाळेला लागून राहणारी एक मुलगी धावत आली. "फूल मेलं नाई मॅडम, ते संध्याकाळी उठते!" तिने आदल्या दिवशी शेण टाकायला जाताना पाहिलं होतं.

त्या संध्याकाळी सव्वासहाला अर्धी शाळा पुन्हा गोळा झाली. काहींचे आईबापही आले. उजेड उतरत होता. कळ्या फुगलेल्या होत्या, पाकळ्यांच्या कडा सैल पडत होत्या. मुलं इतकी जवळ बसली होती की त्यांच्या श्वासाने पानं हलत होती. एक फूल उघडलं, मग पलीकडचं, मग एकदम चार. पिवळी जर्द, वेलावर दिवे लावल्यासारखी. अंधार पडता पडता पतंग आले. तेव्हा कळलं की दिवसा मिटून बसणारं हे फूल कुणाची वाट पाहतं. दुसऱ्या दिवशी मुलांनीच शोधलं की घोसात येणारी फुलं नुसतीच असतात आणि एकटं येणारं फूल खाली बोटाएवढा दोडका घेऊन येतं. नर-मादी फुलांचा भाग विज्ञानाच्या पुस्तकात पुढच्या इयत्तांत येतो. या मुलांना तो आता वाचायचा नाही, ओळखायचा आहे. पुढच्या आठवड्यात कोहळ्याच्या वेलाजवळ ती सकाळी आठला हजर होती, कारण कोहळ्याचं फूल पहाटे उघडतं आणि ऊन चढलं की मिटतं, हे त्यांनी स्वतःच पडताळून पाहिलं. नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचा पराग मादी फुलाला लावायचा आणि त्या देठाला सुतळीची खूण बांधायची. खुणेची कोहळी धरली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला कुठल्याच परीक्षेच्या निकालात दिसलेलं नाही.

"हे पाहून पोट भरेल का?" असं एक आजी म्हणाल्या. त्यांना मी दादाजी खोब्रागडेंची गोष्ट सांगितली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे, तिथले दादाजी. शिक्षण तिसरी. १९८३ साली ‘पटेल ३’ जातीच्या धानात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या, पिवळसर दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या, रानडुकरांपासून राखल्या आणि वर्षानुवर्षं निवडत नेल्या. त्यातून जो बारीक, चवदार तांदूळ निघाला तो एचएमटी. घड्याळाचं नाव त्याला व्यापाऱ्याने दिलं. आज पूर्व विदर्भात आणि त्याही पलीकडे लाखो ताटांत तो वाढला जातो. २०१८ साली दादाजी गेले, जवळपास हलाखीतच, आणि त्याचं दुःख आपल्याला असायलाच हवं. पण हजारो लोंब्यांत तीन वेगळ्या आहेत हे ज्या डोळ्यांना दिसलं, ते डोळे तिसरीपर्यंतच्या शाळेने बंद केले नव्हते. आपली शाळा चौथी-पाचवीपर्यंत ते बंद करते का, हा प्रश्न मी स्वतःला दर वर्षी विचारते.

कुणी म्हणेल, यात नवं काय? आमच्याच वर्ध्यात १९३७च्या ऑक्टोबरात शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी हाताच्या कामातून शिकवण्याची कल्पना मांडली आणि पुढे झाकिर हुसेन समितीने तिचा आराखडा केला. ती नई तालीम. सेवाग्रामला आनंद निकेतन शाळेची मुलं आजही शेतीकामातून शिकतात. मी त्या परंपरेच्या अंगणात राहते आणि तिचं ऋण मानते. पण एका गोष्टीत मी तिच्याशी सहमत नाही. मुलांच्या कामातून जे निपजेल त्यावर शाळेचा, अगदी शिक्षकांच्या पगाराचाही खर्च भागावा, असं तेव्हा सुचवलं गेलं होतं, आणि यातून मुलांची मजुरी होईल अशी टीकाही तेव्हाच झाली होती. ती टीका मला पटते. वाफ्यातून किती किलो निघालं हा हिशोब आला की चुकायची मुभा गेली. मग कुजलेलं बी तळहातावर घ्यायला कुणाला वेळ राहणार नाही, मास्तर पोराला बाजूला सारून स्वतःच पेरतील.

आणि हे आजही होतं, वेगळ्या कारणाने. शालेय पोषण आहाराच्या योजनेत परसबाग आहे, केंद्राच्या शिक्षण खात्याने २०१९ साली शाळांच्या पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आपल्या राज्यात परसबागेच्या स्पर्धाही होतात. हेतू चांगला आहे, मी त्याच्या बाजूची आहे. पण मी आधी ज्या शाळेत होते तिथे पाहणीच्या आदल्या दिवशी रोपवाटिकेतून रोपं आणून खड्ड्यात बसवली. दगडांना गेरू-चुना दिला. पालक भाजीच्या ओळीपुढे पाटी मीच रंगवली होती. मुलांना गणवेशात उभं केलं आणि सांगितलं, हात लावू नका, माती विस्कटेल. आठ दिवसांत निम्मी रोपं माना टाकून गेली. त्या मुलांनी त्या दिवशी बागेबद्दल काय शिकलं असेल, ते आठवलं की मला आजही वाईट वाटतं. स्पर्धा ठेवायचीच असेल तर पाहणीला येणाऱ्यांनी बाग पाहू नये, मुलांना विचारावं. तुझं काय मेलं? का मेलं? मग काय केलंस? ज्या शाळेच्या मुलांकडे या तीन प्रश्नांची उत्तरं असतील तिला बक्षीस द्या.

मजुरीची भीती मात्र हलकी समजू नये. आमच्या गावात कुठल्या घरच्या लेकराने काय उचलायचं, हे पुष्कळ लोकांच्या मनात अजून ठरलेलं असतं. शाळेतही झाडू कुणाच्या हातात आपोआप जातो ते पाहा, आणि पाण्याची बादली कुणाच्या. म्हणून आमच्याकडे पाळी भिंतीवर लिहिलेली असते आणि ती मोडत नाही. शेणखत सगळे उचलतात, पहिली टोपली माझी. मुलगे पाणी भरतात, मुली कुदळ मारतात, मग उलट. आणि वाफ्यातलं जे निघेल त्याचा मालक ते लेकरू. खिचडीच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, टाकायचं की घरी न्यायचं, हे तेच ठरवेल. मला वाटलं होतं सगळे घरी नेतील. तसं झालं नाही. बहुतेकांनी थोडं घरी, थोडं गंजात टाकलं, आणि ज्या दिवशी आपल्या वाफ्यातली पालक भाजी गंजात पडते त्या दिवशी ताटात काही उरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालची सुमारे ६९ टक्के बालकं रक्तक्षयाची निघाली. एका वाफ्याने तो जाणार नाही. पण आंबाडी, मुनग्याची म्हणजे शेवग्याची पानं, सांबार म्हणजे कोथिंबीर, वरून लिंबू, हे खायची आवड लहानपणी लागली तर ती आयुष्यभर पुरते.

बाहेर असण्याचा एक फायदा तर निव्वळ उजेडाचा आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा प्राथमिक शाळांवर प्रयोग झाला. निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटं जास्त बाहेर ठेवलं. प्रयोग तीन वर्षं चालला, २०१५ साली निकाल छापून आला. बाहेर राहिलेल्यांत सुमारे ३० टक्के मुलांना लांबचं धूसर दिसू लागलं होतं, इतरांत सुमारे ४०. गावोगावी मोबाइल पोचल्यावर आमच्या वर्गातही फळ्यापुढे सरकून बसणारी मुलं वाढली आहेत. चष्म्यासाठी वर्ध्याला एक फेरी म्हणजे बापाची दिवसाची रोजी जाते.

अडचणी आहेत, त्या लपवत नाही. पाणी ही पहिली. आम्ही ताटं धुण्याच्या जागेपासून वाफ्यांपर्यंत उताराचा पाट काढला. खिचडीनंतर पन्नास-साठ ताटांचं पाणी बागेला जातं, साबण वापरत नाही, राख वापरतो. विंचू-सापाची भीती खरी आहे. म्हणून गवत वाढू देत नाही, पालापाचोळ्याच्या ढिगात हात घालायचा नाही, आधी काठी आपटायची, हे पाठ करून घेतलेलं आहे. बाजारातल्या बियांवर गुलाबी-हिरवा रंग असतो, ते बुरशीनाशक असतं. असं बी लहान मुलांच्या हातात द्यायचं नाही. कीड आली तर निंबोळीचा अर्क, कडुनिंब गावात पुरेसे आहेत. सोबत किडे ओळखणंही चालतं. लिंबाच्या पानावरची चिमणीच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी मोठी झाली की हिरवी होते, कोष करते आणि फुलपाखरू होऊन उडते, हे पाहिलेलं पोर पुन्हा दिसेल ती अळी चिरडत नाही. आधी विचारतं, ही कोणाची?

आणि ऊन. मुलांना बागेत न्यायचे सल्ले वसंत ऋतूचे असतात, दुसऱ्या मुलखातले. आमच्याकडे मार्चपासून दुपारी बाहेर पडणं नको होतं, मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. आमची बाग जुलै ते फेब्रुवारी. मार्चला बी वाळवायचं, राखेत ठेवायचं, डब्यावर नाव लिहायचं, एवढंच. आणि हे बी राखणं मला फार महत्त्वाचं वाटतं. २००२ साली बीटी कापूस आला, तेव्हापासून सरकी दर वर्षी पाकिटातून येते. आज माझ्या वर्गात असलेल्या कुठल्याही मुलाने घरात पेरणीची सरकी राखून ठेवलेली पाहिलेली नाही. बी हे दुकानातून उधारीवर आणायचं असतं, असं त्यांना वाटतं. वाळलेला दोडका कानाशी धरून हलवला की आत बी खुळखुळतं. खालच्या टोकाचं टोपण अलगद निघतं आणि काळ्या बिया तळहातावर ओघळतात. एका दोडक्यातून पुढच्या साली सगळ्या वर्गाला पुरेल एवढं बी. ज्या मुलांनी हे पहिल्यांदा केलं, त्यांनी मला दोनदा विचारलं, "याचे पैसे नाई लागत?"

वेळ कुठून काढायचा, असं मुख्याध्यापक विचारतात. वेळ आहे. २०२४पासून पहिली ते आठवीला आनंददायी शनिवार, म्हणजे पुस्तकाबाहेरच्या उपक्रमांचा दिवस, आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलं आहे. त्या शनिवारी चित्रं रंगवण्याच्या छापील कागदांऐवजी वाफे द्या. खालच्या वर्गांना रोज वीस मिनिटं दिली तरी पुरतात, रोपाला आठवड्यातून एकदा भेटून चालत नाही.

त्या बापाचं म्हणणं अजून संपलेलं नाही. प्रत्येक सभेत तो विचारतो, पोरगं इंग्रजी वाचते का, गणित येते का. विचारलंच पाहिजे, आणि मी त्याला वही दाखवते. शेती सोडावी की धरावी हे त्याचं लेकरू मोठेपणी ठरवेल. मी त्या लेकराला शेतकरी करायला वाफा देत नाही. जी माती त्याच्या बापाला रडवते तिच्याशी त्याचं स्वतःचं, न घाबरता झालेलं बोलणं असावं, एवढ्यासाठी देते.

माझी मागणी छोटी आहे. उर्वरित महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यात उघडतात, उन्हामुळे आमच्या विदर्भात त्या महिन्याच्या शेवटाकडे. नेमकी पेरणीची वेळ. पहिल्या दिवशी मुलांना गुलाबाचं फूल आणि नवी पुस्तकं देतात. त्या पुस्तकांवर कागदाची एक पुडी ठेवा. बी संकरित नको, सुधारित किंवा गावरान हवं, म्हणजे मार्चला राखता येईल. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्राला आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला हे जड नाही, गावातल्या आज्यांना तर मुळीच नाही. मूठभर मेथी, दहा भेंड्या, चार चवळ्या, दोन कोहळ्याच्या बिया, दोन दोडक्याच्या. पुडीवर जागा मोकळी सोडा. नाव ते लेकरू स्वतः लिहील.